आंबटपणा गेला कुठे?

एकदा एक शिष्य, गुरू परगावी गेलेले असताना, यशस्वी झाला. यशाचे हे असेच असते. ते येताना घरात वडीलधारे कुणी आहे की नाही, याची चौकशी करीत नाही.

गुरू रसशास्त्राचे जाणकार होते. कोणत्या मातीत काय मिसळले की काय होते, कोणत्या पाण्याने कोणता रोग जडतो, कोणता धातू औषध आणि कोणता विष, हे शोधता शोधता त्यांचे केस पिकले होते. नदीकाठी त्यांची शाळा आणि शाळेमागे भट्टी. शिष्य बरीच वर्षे त्यांच्याजवळ होता आणि त्याला एकच ध्यास होता. मातीच्या भांड्यावर अशी झिलई चढवायची की ते पाझरू नये, वास धरू नये आणि दिसायलाही देखणे असावे. ज्याला तांबे-पितळ परवडत नाही, त्याच्याही फडताळात एक मानाचे भांडे असावे, अशी त्याची इच्छा. इच्छेत खोट काहीच नव्हती.

त्याच सुमारास दूरच्या एका गावाहून निरोप आला, की तिथल्या विहिरींचे पाणी पिऊन तरण्या माणसांची हाडे वाकू लागली आहेत. गुरूंनी बाटल्या बांधल्या आणि पाणी तपासायला निघून गेले. इकडे शिष्याची झिलई जमली. वाळूत त्याने शिशाची भाजलेली भुकटी मिसळली होती. भट्टी उघडली तेव्हा आत मधाच्या रंगाची बरणी उभी होती, अशी गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी.

शिसे विषारी असते, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. म्हणून त्याने परीक्षाही घेतली. शाळेचा दंडक असा, की परीक्षा शुद्ध पाण्याने घ्यावी, म्हणजे मध्ये दुसऱ्या कशाची लुडबुड होत नाही. त्याने पावसाचे गाळलेले पाणी भरून बरणी महिनाभर तशीच ठेवली. पाणी जसेच्या तसे राहिले. त्याने बरणी निखाऱ्यावर ठेवली, ओट्यावरून खाली पाडली, बरणीला काही होईना. ‘शिसे आता काचेत कोंडले गेले,’ असे त्याने स्वतःला समजावले, आणि आपले म्हणणे आपल्याला पटायला वेळ लागत नाही.

गावच्या पेठेत भांड्यांचा एक व्यापारी होता. माणूस दिलदार, बोलघेवडा आणि चौकस. त्याने बरणीवर टिचकी मारली, कान लावून नाद ऐकला आणि म्हणाला, “शास्त्रीबुवा, हिचा भाव नाही विचारायचा. हिचा मुहूर्त विचारायचा!”

पहिली बरणी तो घरीच घेऊन गेला. त्याच्या सुनेला दिवस गेले होते आणि तिला डोहाळे लागले होते आंबटाचे. घरच्या झाडाच्या कैऱ्या चिरून, मिठाच्या पाण्यात घालून त्याने बरणी भरून ठेवायला लावली. काही आठवड्यांनी तो धापा टाकीत शाळेत आला.

“अहो, बरणी आहे का जादू? झाड तेच, मीठ तेच. दगडी भांड्यातली फोड खाल्ली तर दात आंबतात, डोळे मिटतात. तुमच्या बरणीतली खाल्ली तर आंबटपणा असा मऊ, वर किंचित गोडी! सूनबाई दुसऱ्या कैरीला हात लावत नाही.”

“गोडी?” शिष्य म्हणाला. “झिलईत गोड काही नाही.”

“मग हातगुण तुमचा! देणाऱ्याने दिलं, घेणाऱ्याने घ्यावं. मला श्रावणातल्या जत्रेसाठी भट्टीभर बरण्या हव्यात.”

हे कसे झाले असेल, असा प्रश्न शिष्याच्या मनात आला होता, नाही असे नाही. पण कौतुक मोठ्याने बोलत होते आणि प्रश्न हळू आवाजात. भट्टीत लाकडे पडली.

गुरू परतले ते नेमके व्यापाऱ्याच्या घरी सुनेचे डोहाळजेवण होते त्या दिवशी. व्यापारी स्वतः गुरू-शिष्यांना बोलवायला आला. “गुरुजी, नाही म्हणू नका. तुमच्या शिष्याने आमच्या घरात पाऊल न टाकता घर गोड केलंय!”

माजघरात झोपाळा फुलांनी सजवला होता. त्यावर हिरव्या साडीतली सून बसली होती. बायका गाणी म्हणत होत्या, नावे घेण्याचा आग्रह चालला होता. सून हसत होती खरी, पण मध्येच पोटावर हात दाबून ओठ आवळत होती.

“काय होतंय पोरी?” गुरूंनी विचारले.

“कळ येते मधूनमधून. आणि तोंडाला कशी गंजक्या खिळ्यासारखी चव येते.”

“डोहाळेच ते,” सासूबाई म्हणाल्या. “मला नाही का चुलीतली राख खावीशी वाटायची?”

“राख तू खाल्लीस आणि ठसका अजून मला लागतोय,” व्यापारी म्हणाला, तशा साऱ्या बायका हसल्या. सूनही मनापासून हसली. गुरू मात्र तिच्या हसण्याकडे बघतच राहिले.

व्यापाऱ्याने केळीच्या पानावर दोन फोडी आणून ठेवल्या. “गुरुजी, ही दगडीतली आणि ही बरणीतली. सांगा फरक.”

गुरूंनी पहिली फोड चाखली आणि एक डोळा बारीक केला. दुसरी तोंडात घातली, दोनदा चावली आणि थांबले. मग ती हळूच काढून पानावर ठेवली, चूळ भरली आणि शिष्याकडे वळून विचारले, “आंबटपणा गेला कुठे?”

“मुरला असेल, गुरुजी.”

“मुरला म्हणजे कुठे गेला?”

तेवढ्यात ओटी भरण्याची वेळ झाली. नारळ झाला, तांदूळ झाले, खण झाला. शेवटी सासूबाईंनी मोठ्या हौसेने हळदकुंकू लावलेली ती मधाच्या रंगाची बरणी उचलली आणि सुनेच्या पसरलेल्या पदरात ठेवली.

गुरू पाटावरून उठले, झोपाळ्याजवळ गेले आणि भरल्या ओटीतून त्यांनी बरणी उचलून घेतली.

गाणे अर्ध्यावर तुटले. “अगं बाई!” कुणीतरी पुटपुटले. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. भरलेल्या ओटीतली वस्तू काढून घेणे म्हणजे काय, हे त्या घरातल्या पोराटोरांनाही कळत होते. व्यापाऱ्याचे हसू विझले.

“गुरुजी, माझी सून दोन जिवांची आहे. थट्टेलाही काही मर्यादा असते.”

शिष्याला वाटले, धरणी दुभंगावी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोक त्याला नावाजत होते, आणि गुरूंनीच भर पंगतीत त्याच्या कामावर असा हात टाकावा?

“शेटजी,” गुरू शांतपणे म्हणाले, “रागवायला सवड आहे. तुमच्या बागेत गुलाबांच्या रोगावर गंधक आणि चुन्याचा काढा शिंपडतात, तो आणवा. आणि दोन वाट्या द्या.”

काढा आला. गुरूंनी एका वाटीत दगडी भांड्यातल्या कैरीचे पाणी घेतले, दुसरीत बरणीतल्या कैरीचे. दोन्ही पाणी दिसायला सारखेच होते. पहिल्या वाटीत त्यांनी काढ्याचे चार थेंब टाकले. सडक्या अंड्यासारखा दर्प उठला, बायकांनी नाकाला पदर लावले, आणि पाणी दुधाळ झाले. दुसऱ्या वाटीत थेंब पडले. पाणी काळे झाले, काजळी कालवल्यासारखे.

“हे काळं झालं ते शिसं,” गुरू म्हणाले. “पोरी, जरा ओठ वर कर.”

सुनेने ओठ वर केला. दातांच्या मुळाशी, हिरड्यांच्या काठाने, एक निळसर रेघ उमटली होती. सासूबाई मटकन खाली बसल्या.

शिष्य काळ्या वाटीजवळ सरकला. “पण मी परीक्षा घेतली होती, गुरुजी. महिनाभर पाणी ठेवलं होतं. एक कणही उतरला नव्हता.”

“पाण्यात उतरला नसेल. पाणी भिंतीशी टेकून बसतं, बाळा. आंबट मात्र भिंत चाटतं. त्याने झिलईतलं शिसं ओढून घेतलं. त्या व्यवहारात त्याची स्वतःची धार गेली आणि शिशाची गोडी त्यात आली. शिसं कडू असतं तर इतकी माणसं त्याने नासवली नसती. तू बरणीची परीक्षा घेतलीस शाळेत, आणि बरणी राहणार होती स्वयंपाकघरात. पण ही चूक कुणाचीही होईल. दुसरी मोठी आहे. भांड्यात जो गुण तू घातला नव्हतास तो त्यातून निघाला, तेव्हा तू आनंदलास. न मागता आलेल्या गुणाला आधी बसवून विचारावं, बाबा रे, तू आलास कुठून?”

मग व्यापाऱ्याने कपाळावर हात मारला. “आणि मी! बाजारात कुणी न मागता सवलत दिली तर मी आधी पोत्याचा तळ उलटून बघतो. घरात मात्र ‘हातगुण’ म्हणून मोकळा झालो.”

“मामंजी,” सून झोपाळ्यावरूनच म्हणाली, “मी गंजक्या खिळ्याचं सांगत होते, तेव्हा सगळ्यांनी डोहाळ्यांच्या नावावर घातलं.” मग तिने गुरूंकडे पाहिले. तिचा आवाज लहान झाला. “बाळाला काही?”

“माहीत नाही,” गुरू म्हणाले. “खोटा धीर मी देणार नाही. विष थांबलं आहे, हे आज नक्की. दूध, पालेभाजी, विश्रांती, आणि दर आठवड्याला तपासणी. कळा कमी होतील, रेघ फिकी होईल. बाकीचं बाळ आल्यावर बाळ सांगेल.”

अंगणात आल्यावर व्यापाऱ्याने चाचरत विचारले, “भट्टीत तयार माल पडलाय. नुसतं कोरडं धान्य ठेवायला म्हणून विकला तर?”

“विकताना तुम्ही सांगाल. घेणाऱ्याच्या लेकीला, तिच्या जावेला कोण सांगणार? भांडं बोलत असतं तर गोष्ट वेगळी.”

व्यापाऱ्याने मान खाली घातली. “नाही विकत.”

“मी सगळ्या बरण्या फोडून नदीत सोडतो,” शिष्य म्हणाला.

“म्हणजे खालच्या गावाच्या घागरीत सोडतोस,” गुरू म्हणाले. “नुकताच मी विहिरींचं पाणी बघून आलोय, इथे नवं दुखणं नको. खापर कोरड्या जागी, चुन्याच्या खड्ड्यात बंद कर. आणि भट्टीजवळच्या विहिरीचं पाणी आजपासून तू तपासायचंस. कुणी सांगितलं नाही तरी.”

त्यानंतर शिष्य दर आठवड्याला व्यापाऱ्याच्या दारात उभा राहू लागला. पहिल्या खेपेला सासूबाईंनी त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवले. दुसऱ्या खेपेला पाणी दिले. सून ओठ वर करून दाखवी, तो रेघ पाही, आणि मान खाली घालून परत जाई. रेघ हळूहळू फिकी होत गेली. कळा थांबल्या. पण त्याची झोप काही परत आली नाही. ज्या दिवशी सुनेला वेणा सुरू झाल्या, त्या दिवशी तो अंगणातल्या दगडावर बसून राहिला, आणि आतून बाळाचा टाहो ऐकू आला तेव्हा तोंडात उपरणे कोंबून रडला. मुलगी झाली होती. अंगाने बारीक, पण आवाजाने खणखणीत.

झिलईचा ध्यास त्याने सोडला नाही. मात्र शिशाला हात लावला नाही. वाळू, लाकडाची राख आणि अधिक तापलेली भट्टी, यांवर तो खपत राहिला. पुढच्या कैरीचा हंगाम आला आणि गेला, तेव्हा व्यापारी शाळेत आला. नात कडेवर होती, नुकतीच रांगू लागलेली. समोर नव्या बरण्या मांडल्या होत्या, हिरवट राखाडी रंगाच्या. मागच्यांइतक्या देखण्या नव्हत्या.

“काय शास्त्रीबुवा, यंदा तरी?”

“कैरी झाली,” शिष्य म्हणाला. “ताक, चिंच, लिंबू, आमसूल झालं. गरम आमटी झाली. कशातही काळं आलं नाही. आंबटसुद्धा जसंच्या तसं आंबट आहे. दात आंबतात.”

“वा! इतका आंबट माल मी पहिल्यांदाच हौसेने घेतोय. मग, भरू गाडी?”

शिष्याने गुरूंकडे पाहिले. गुरू जमिनीवर सोडलेल्या नातीकडे बघत होते. तिने एका बरणीचे झाकण ओढून घेतले होते, आणि नव्या दातांनी त्याची कड मन लावून चघळत होती. हनुवटीवरून लाळ ओघळत होती.

शिष्य चटकन पुढे झाला आणि त्याने झाकण तिच्या हातातून काढून घेतले. पोरीने भोकाड पसरले.

“अहो, यात शिसं नाही ना?” व्यापारी दचकला.

“नाही.”

“मग?”

शिष्याने झाकणाची ओली कड बोटाने चाचपली आणि उजेडात धरली. “तोंडात धरून चावल्यावर काय होतं, ते पाहायचं राहिलंय,” तो म्हणाला. “हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”

“गेली ही जत्राही!” व्यापाऱ्याने नातीला उचलून घेतले, आणि हसता हसता झाकणाऐवजी आपले बोट तिच्या तोंडात दिले.

गुरूंनी आपल्या बैठकीवर थोडे सरकून शिष्याला शेजारी जागा करून दिली.