भिंतीचा हात

खूप जुन्या काळी, एका डोंगरखिंडीच्या तोंडाशी एक गाव होते. त्या गावात एक वस्ताद राहत असे. तो परांची बांधायला शिकवायचा. उंच भिंत बांधायची किंवा लिंपायची म्हटली, की माणसांना उभे राहायला भिंतीलगत बांबूंचा सांगाडा उभारावा लागतो. तीच परांची. काम संपले की ती उतरवतात, आणि मग ती कधी होती हेही कुणाला आठवत नाही.

शिकायला येणाऱ्यांना वाटे, पहिल्याच दिवशी वर चढायला मिळेल. वस्ताद त्यांना जमीन चोपायला बसवी.

"बांबू जमिनीवर उभा राहतो, तुमच्या हिमतीवर नाही," तो म्हणे.

मग तो बांबू वाजवून बघायला शिकवी, कारण चिरलेला बांबू बद्द वाजतो. मग काथ्या भिजवायचा, मग गाठ मारायची, मग आपण मारलेल्या गाठीला आपणच लोंबकळायचे. परांची उतरवणे तो सगळ्यात शेवटी शिकवी, आणि त्यालाच सगळ्यात जास्त दिवस लावी.

"बांधताना चुकलात तर ती उभीच राहत नाही, चूक तिथंच कळते. सोडताना चुकलात तर कळायला वेळ लागतो. तोवर वर माणसं असतात."

त्याचे दोन नियम होते. ज्याने परांची बांधली त्याने सगळ्यांच्या आधी चढायचे आणि सगळ्यांच्या नंतर उतरायचे. आणि ज्याची गाठ, त्यानेच ती सोडायची.

त्याच्याकडे बुरुडाची एक मुलगी शिकत होती. लहानपणापासून सुपे-टोपल्या विणल्यामुळे बांबू तिच्या हाताला ओळखीचा होता. तिची गाठ एकदा बसली की वस्तादालाही सुटत नसे. पण ती फार बुजरी होती. कुणी काही विचारले तर मान हलवायची, आणि ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे समोरच्याने ठरवायचे.

शिक्षण संपत आले तेव्हा वस्ताद परांचीच्या सगळ्यात वरच्या फळीवर जाऊन बसला. म्हणाला, "आता मला खाली बोलाव."

मुलगी म्हणाली, "वस्ताद, खाली या." ती इतक्या हळू म्हणाली, की शेजारच्या बांबूवरची चिमणीसुद्धा उडाली नाही.

वस्ताद शेंगा सोलत बसून राहिला. तिने पुन्हा हाक मारली. मग हाताने खूण केली. वस्तादाने मुद्दाम तोंड दुसरीकडे फिरवले. अखेर ऊन उतरल्यावर तो आपणहून खाली आला.

"मला भूक लागली म्हणून उतरलो, तू बोलावलंस म्हणून नाही," तो म्हणाला. "एवढं एक राहिलं बघ तुझं."

त्याच वर्षी राजाने गावात धान्याचे मोठे कोठार बांधायला घेतले. पूर्वी धान्य घराघरात राही आणि त्यातले निम्मे उंदीर आणि ओल खाई. म्हणून हे कोठार उंच, गोल आणि चुन्याने लिंपलेले व्हायचे होते. भिंत उभी झाली. बाहेरून गिलावा तेवढा राहिला. सुगी तोंडावर आली होती.

कोठाराभोवतीची परांची बुरुडाच्या मुलीने बांधली. तिच्यात उभे बांबू होते, आडवे होते, तिरपे होते. शिवाय थोड्या थोड्या अंतरावर एकेक आखूड बांबू भिंतीत ठेवलेल्या भोकात घालून आतून पाचर ठोकली होती आणि त्याचे बाहेरचे टोक परांचीला बांधले होते. या आखूड बांबूला वस्ताद 'भिंतीचा हात' म्हणे. त्यावर कुणी उभे राहत नाही, त्याच्यावर फळीही ठेवत नाहीत. बघणाऱ्याला तो उगाचच घातल्यासारखा वाटतो. पण परांची भिंतीपासून दूर जात नाही ती त्याच्यामुळे.

हे हात काढायचीही रीत होती. वरून सुरुवात करायची. वरचा पट्टा लिंपून झाला की तिथली परांची उतरवायची, तिचे हात काढायचे, भोके बुजवायची, आणि मग खालच्या पट्ट्याला लागायचे.

एवढ्यात वस्तादाला पलीकडच्या गावाहून बोलावणे आले. तिथल्या देवळाच्या शिखराची परांची उतरवायची होती.

"ही परांची आता तुझ्या शब्दावर," तो मुलीला म्हणाला आणि गेला.

गिलाव्याचे काम ज्याच्याकडे होते तो गवंडी मोठा नावाजलेला होता. त्याच्या भिंतीवरून हात फिरवला तर पाण्यावरून फिरवल्यासारखे वाटे. स्वभावानेही गोड. दुपारी भाकरी खाताना तो मुलीला आठवणीने गुळाचा खडा देई. त्याला एकच गोष्ट खपत नसे, ती म्हणजे भिंतीवरचे ठिगळ.

"पोरी," तो एक दिवस म्हणाला, "पट्ट्यापट्ट्यानं लिंपलं तर प्रत्येक पट्ट्याचा रंग निराळा येतो. आजच्या घाणीचा चुना उद्याच्या चुन्यासारखा नसतो. आणि तुझी ही भोकं नंतर बुजवली की भिंतीला देवीचे व्रण पडल्यासारखं दिसतं. आपण असं करू. मधल्या पट्ट्यातले हात आधी काढ. मी सगळी भिंत एकदमच लिंपून घेतो. परांची काय, मग सावकाश उतरव."

"वस्ताद म्हणाले होते..." मुलीने सुरुवात केली.

"वस्ताद यायचे तेव्हा येतील. तोवर माझ्या चुन्याचा दगड होईल, आणि लोकांचं धान्य उघड्यावर पडेल. एकच काढ. एकानं काय होतंय?"

एकाने काय होते, हे मुलीला माहीत होते. पण गुळाचा खडा अजून तिच्या तोंडात होता, आणि एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसे म्हणायचे, ते तिला ठाऊक नव्हते. तिने मान हलवली. गवंड्याने ती हो म्हणून घेतली.

तिने गाठ सोडली. पाचर काढली. बांबू ओढून घेतला. गवंड्याने भोक बुजवून त्यावर थापी फिरवली, आणि तिथे कधी भोक होते हेही कळेनासे झाले.

काहीच झाले नाही.

"बघ," गवंडी म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी एक मागितला. मग त्याच्या शेजारचा. मग विचारणेही बंद झाले. तो नुसते बोट दाखवी आणि मुलगी गाठ सोडी. परांची उभी होती. वर त्याच्या हाताखालचे गवंडी थापी फिरवत होते, चुना वाहणाऱ्या बायका डोक्यावर घमेली घेऊन गाणी म्हणत चढत-उतरत होत्या.

कोठाराजवळच चुना मळायची घाणी होती. एक म्हातारा बैल दिवसभर तिच्याभोवती फिरे. मुलगी माणसांशी बोलत नसे, पण बैलाशी बोले. त्या काळी बैलही उत्तर देत.

संध्याकाळी ती त्याच्यापुढे उभी राहून म्हणाली, "नाही. मी हात काढणार नाही."

"मला कशाला सांगतेस?" बैल म्हणाला. "मी कुठं मागितलाय?"

"सराव करते आहे."

"कर. पण एक सांगतो. या फेरीत मी त्या खुंटापाशी आलो, की परांचीचा मधला बांबू मला समोरच्या बाभळीच्या बुंध्याआड लपलेला दिसायचा. परवापर्यंत दिसायचा. काल तो थोडा बाहेर डोकावला. आज अख्खा बाहेर आहे. आता बाभूळ तर चालायला लागलेली नाही."

मुलगी खुंटापाशी जाऊन उभी राहिली. बैल बरोबर सांगत होता. परांचीने मधोमध पोट काढले होते.

दुसऱ्या दिवशी तिने भल्या सकाळीच गवंड्याला गाठले. "काका, ते मधले..."

"आज शेवटचा दिवस पोरी," तो परांची चढतच म्हणाला. "दिवेलागणीपर्यंत भिंत पुरी होते. उद्या तुझं राज्य."

तो वर गेला. तिने आपल्या कमरेचा काथ्या सोडला, नवीन हात घालायला भोके शोधली. पण भोके बुजली होती. भिंत अशी गुळगुळीत होती, की कुठे धरावे तेच कळेना.

त्या गावात सुगीच्या दिवसांत दुपार कलली की खिंडीतून वारा सुटे. त्या दिवशीही सुटला. आधी घाणीपाशी धूळ उडाली. मग परांचीतून एक कुरकुर ऐकू आली. टोपलीवर जास्त वजन ठेवले की ती कुरकुरते, तशी. बुरुडाच्या मुलीला तो आवाज पाळण्यात असल्यापासून माहीत होता.

"खाली या," ती म्हणाली. कुणी ऐकले नाही.

"खाली या," ती जरा मोठ्याने म्हणाली. घमेले घेऊन चाललेली एक बाई थांबली.

"काय गं, आज बोलायला लागलीस? हिच्या आईला कळवा कुणीतरी," ती म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

मुलीने खालचा एक तुटका बांबू उचलला, परांचीच्या पहिल्या फळीवर चढली, आणि उभ्या बांबूवर दणादण हाणू लागली. सगळ्यांनी खाली पाहिले.

"काम थांबवा. घमेली तिथंच ठेवा आणि खिंडीच्या बाजूनं खाली उतरा. सगळे. एकामागून एक."

तिचा आवाज असा होता हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. तिलाही पहिल्यांदाच कळले. बायका हसायच्या थांबल्या आणि उतरू लागल्या. गवंडी उतरू लागले. मोठा गवंडी मात्र वरच्या फळीवरच होता.

"एवढा कोपरा होऊ दे," तो म्हणाला. "इथं सोडला तर जोड दिसेल."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, काका. गाठी माझ्या होत्या आणि त्या मीच चुकीच्या सोडल्या. थापी टाका. खाली या."

त्याने थापी टाकली.

तो जमिनीवर आला तेव्हा परांचीवर फक्त मुलगी उरली होती. नियमाप्रमाणे तिला शेवटी उतरायचे होते. ती वळली तेवढ्यात वरचा काथ्या तुटला आणि सगळी परांची भिंतीपासून सुटून बाहेर पडली. मुलगी खालच्याच फळीवर होती म्हणून वाचली. पण एक बांबू तिच्या उजव्या मनगटावर पडला. हाड पुढे जुळले, तरी गाठ आवळायची ताकद त्या हातात परत आली नाही.

पडणाऱ्या बांबूंनी ओला गिलावा वरपासून खालपर्यंत खरवडून नेला. ते बुजवायला पुन्हा परांची बांधावी लागली. तोवर सुगी होऊन गेली. त्या वर्षीही धान्य घराघरात राहिले आणि उंदरांनी आपला वाटा घेतला. कोठाराच्या भिंतीवर मात्र गवंड्याने आयुष्यात कधी केले नव्हते एवढे मोठे ठिगळ आले.

वस्ताद परत आला. त्याने पडलेले बांबू पाहिले, मुलीचा बांधलेला हात पाहिला.

"गाठी कुणी सोडल्या?"

"मी," मुलगी म्हणाली.

"मी सोडायला लावल्या," गवंडी म्हणाला.

"तू मागणारच," वस्ताद गवंड्याला म्हणाला. "तुला तुझी भिंत दिसत होती. हिला परांची दिसत होती." मग तो मुलीकडे वळला. "वर किती जण होते?"

"सगळे खाली आले."

"कुणी बोलावलं?"

"मी."

वस्ताद म्हणाला, "शिक्षण पुरं झालं. महाग पडलं."

त्याच्या माघारी ती मुलगीच वस्ताद झाली. तिला स्वतःला गाठ मारता येत नसे, पण शिकवता येई. जमीन चोपणे, बांबू वाजवणे, काथ्या भिजवणे, सगळे तिने तसेच ठेवले. फक्त माणसाला खाली बोलावण्याचा धडा शेवटून उचलून पहिला केला.

नवीन मुले आली की म्हातारा गवंडी आपणहून हजर होई. खिशात गूळ घेऊन तो परांचीवर चढून बसे आणि एकेकाला खडा देऊन गोड आवाजात म्हणे, "बाळा, हा एकच हात सोड की. एकानं काय होतंय?" जो गूळ खाऊनही नाही म्हणे आणि त्याला खाली उतरायला लावी, त्यालाच पुढे काथ्याला हात लावायला मिळे. कुणी चटकन उतरवले की म्हातारा खूश होऊन उतरे आणि घरी जाताना कोठाराच्या ठिगळावरून एकदा हात फिरवी.

बोध : दुसऱ्याचा जीव आपल्या शब्दावर असेल, तिथे भिडेखातर मान हलवू नये; स्पष्ट 'नाही' म्हणावे.