तीन वेतांतलं एक पिल्लू

एका राज्यात मेघवर्मा नावाचा राजा राज्य करी. शूर होता, दयाळू होता, पण त्याचं काही म्हणून लवकर ठरत नसे. एकदा दोन पागोट्यांतलं कोणतं घालावं, यात त्याने तीन दिवस घालवले. ते तिन्ही दिवस धूम्राक्ष नावाचा जादूगार त्याच्यासमोर उभा होता, पण राजाची नजर आरशावरून हलली नाही. चौथ्या दिवशी जादूगार म्हणाला, "राजा, मी तुला दिसलो नाही. आता तुझी लेक तुला दिसणार नाही."

राजाला एकच लेक, सात वर्षांची कुमुद्वती. तत्क्षणी तिच्या हातांची बोटं पुसली गेली. राजाने जादूगाराचे पाय धरले.

जादूगार म्हणाला, "सोनगिरीवर तीन गुहा आहेत. तीन गुहांत तीन कुत्र्या, तिघींची तीन वेतं. त्यांतलं एकच पिल्लू उचल. नाहीशा झालेल्या लेकीला ते हुडकून काढील, तर ती तुझी. चुकीचं उचललंस, किंवा सूर्य बुडाला, तर ती गेली."

पागोट्याला तीन दिवस लावणाऱ्या माणसाच्या हाती आता एक दुपार होती. लेकीला घोड्यावर पुढ्यात घेऊन तो निघाला. सोबत राणीची साळुंकी होती, तिला सगळ्या जनावरांची भाषा येई.

पहिल्या गुहेतली कुत्री वासराएवढी उंच, सोनेरी केसांची. तिची सात पिल्लं धावत आली आणि राजाचा शेला ओढू लागली. त्यांचे पंजे पडत तिथे ठिणग्या उडत. राजा हरखला.

"तुझं लेकरू काय करील?" त्याने विचारलं.

साळुंकीने उत्तर सांगितलं, "वाघाला अडवील."

राजाने हात पुढे केला, मागे घेतला. वाघ अडवायचाच कुठे होता? आणि नंतर अडवायची वेळ आली तर? असं करता करता ऊन कलायला लागलं. वळून पाहतो तो कुमुद्वतीचे खांद्यापर्यंतचे हात गेले होते.

"महाराज," साळुंकी म्हणाली, "पिल्लं सगळी गोडच असतात. आधी आई बघावी."

राजाला ते ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही.

दुसऱ्या गुहेतली कुत्री काळीभोर, पहिलीहून थोराड. तिची चार पिल्लं एकमेकांवर पडून झोपली होती, चारही एकसारखी. राजा गुडघे टेकून त्यांचे पंजे मोजत बसला, कान निरखत बसला. मग त्याने तोच प्रश्न विचारला.

"खाईल, झोपेल आणि जवळ राहील," साळुंकीने सांगितलं.

"एवढंच?" राजा म्हणाला आणि उठला. लेकीची नुसती पावलं उरली होती. तो घाबरून तिसऱ्या गुहेकडे पळत सुटला. पावलं दुडदुडत मागून आली.

तिथे एक पांढरी, हडकुळी कुत्री गुरगुरत होती. पोटाशी एकच पिल्लू, एक कान लोंबणारं, थरथरतं. राजाचे डोळे चमकले. लहानपणी ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीत असलंच मरतुकडं पिल्लू खरं निघे. खोटं कशाला बोलू, तसल्या दोनचार गोष्टी मीही सांगितल्या आहेत.

साळुंकी म्हणाली, "महाराज, ती म्हणते, माझं लेकरू सगळ्यांना भितं. त्याला माझ्यापाशीच राहू द्या."

सूर्य डोंगराला टेकला होता. राजा खाली वाकला.

"बाबा, थांबा!"

राजा वळला. मागे कुणीच नव्हतं, नुसता बारीक आवाज होता.

"दुसऱ्या गुहेत मी दमून खाली बसले, तर ती कुत्री सरकली, बाबा. मला तिने कुशीत जागा दिली."

"मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही पंजे मोजत होतात."

त्यानंतर आवाजही आला नाही. राजाने हाका मारल्या, हवेत हात फिरवले. हाताला काही लागेना. तो धडपडत, ठेचकाळत दुसऱ्या गुहेत परतला.

पिल्लं चार, चारही सारखी. हे घ्यावं की ते? राजाचा हात पुन्हा अधांतरी राहिला. बाहेर सूर्याची कड तेवढी उरली होती. राजाच्या डोळ्यांना धार लागली. त्याने डोक्यावरचं पागोटं काढून कुत्रीपुढे ठेवलं.

"बाई, माझं ठरत नाही. लेक चाललीय माझी. तूच दे."

कुत्री उठली. तिने एक पिल्लू मानेला धरून उचललं, राजाच्या हातांत ठेवलं. राजाने ते जमिनीवर सोडलं.

पिल्लाने जांभई दिली. राजाचा जोडा ओला केला. पागोट्यावर चढलं, उतरलं, दुधाच्या वासाने आईकडे निघालं. साळुंकीने पंखात डोकं खुपसलं.

पिल्लू आईपर्यंत पोचलं आणि तिला ओलांडून गेलं. तिच्या पलीकडे, भिंतीशी, तिने मघाशी सरकून केलेली थोडी जागा मोकळी होती. तिथे बसून ते हवेलाच चाटू लागलं.

हवेत एक अंगठा उमटला. मग पाच बोटं, मग पाऊल.

"बाबा, गुदगुल्या होतायत!"

हसू आधी आलं, लेक मागून आली, केसांच्या रिबिनीसकट. राजाने तिला छातीशी धरलं आणि लहान मुलासारखा रडला. मग सूर्य खुशाल बुडाला.

तेव्हापासून राजा दरबारात बसला की आधी दारात कोण उभं आहे ते पाही. पागोटं हाताला येईल ते घाली, कारण बरं पागोटं पिल्लाच्या अंथरुणाला गेलं होतं. कुमुद्वतीला त्या गुहेत मिळाली, तशी जागा तुम्हांआम्हांला कुणाच्या तरी कुशीत मिळो.