दोरीवरचं विरजण

भांडीकुंडी बोलायची, तेव्हाची गोष्ट. एका घरची लेक हेमांगी लग्न होऊन सातासमुद्रापार निघाली होती. "विरजण घेऊन जा हो," आई म्हणाली, आणि सटातलं, म्हणजे मातीच्या पसरट भांड्यातलं, विरजण घाबरलं.

"गेलो तर इथलं दही कोण लावणार? राहिलो तर पोर तिकडे ताकावाचून तळमळेल," ते खुंटीवरच्या रवीमावशीला म्हणालं. "आणि परक्या दुधात मला जमेल का गं?"

रवीमावशी फणकारली, "मोठं आलंय इथलं! हिच्या आईनं नवी नवरी होऊन येताना माहेराहून फडक्यावर वाळवून आणलं तुला नि ते फडकं इथल्या दुधात भिजवलं. तेव्हाही हेच रडगाणं होतं तुझं."

"मग तिच्या माहेरच्या दह्याचं काय झालं?" विरजणानं घाबरत विचारलं.

"काय व्हायचंय? रोज लागतंय. तिथंही तूच आहेस की, वेड्या!"

एवढ्यात हेमांगीनं स्वच्छ फडकं दह्यात बुडवलं आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं. विरजणानं पाहिलं, तर ते दोरीवरही होतं आणि सटातही होतं. "हुश्श!" म्हणत ते त्या संध्याकाळी कोमट दुधात असं निर्धास्त पसरलं, की सकाळी दह्यात चमचा उभा राहिला.