कोरी बशी

"पण सर, आता अजून काय बघायचं राहिलंय?"

सौमित्र टिपणीसचा आवाज जरा चढलाच. परकारसरांपुढे संस्थेत कुणाचा आवाज चढत नसे. पण हा त्यांचा लाडका विद्यार्थी, आणि लाडक्यांना डोक्यावर बसायला कितीसा वेळ लागतो!

सर खिडकीतून खाडीकडे बघत होते.

"पेशी मरणाच्या वाटेला लागली की तिच्यात एक रेणू तयार होतो," सौमित्र म्हणाला. "माझा रंग नेमका त्यालाच जाऊन चिकटतो आणि सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या दिव्यात हिरवा उजळतो. दुसऱ्या कशाला शिवतसुद्धा नाही. उमेदीची सगळी वर्षं घातलीत मी यात. तुम्ही हो म्हणालात की प्रबंध जाईल. आणि तुम्ही नुसते गप्प..."

"चल, बघू या."

अंधारखोलीत सरांचा एक जुना रिवाज होता. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी अंधारात गप्प बसायचं, डोळे निवेपर्यंत. नवे विद्यार्थी चुळबुळ करत, जुने हळूच डुलकी काढून घेत.

सौमित्र बसला. बाहेर भर दुपार होती. इथे मात्र यंत्राची बारीक गुणगुण आणि सरांचा श्वास, एवढंच. हळूहळू त्याचा राग निवळला. खोलीला भिंती आहेत की नाहीत तेही कळेना. आपण पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वर कुठेतरी दिवस चालू आहे, असं त्याला वाटायला लागलं.

अंधारातच सरांनी काचेची एक बशी भिंगाखाली सरकवली.

"बघ."

सौमित्रनं डोळा लावला... आणि हरवूनच गेला.

हिरवं धुकं. त्यात पेशी तरंगत होत्या, जी ती आपल्यापुरता कंदील लावून. काठाशी उजेड दाट, मधोमध काळोख. एवढ्या वर्षांत इतकं सुंदर काही त्यानं पाहिलं नव्हतं.

"काय दिसतंय?"

"माझा रेणू, सर."

"नक्की?"

"आईनं पोराला ओळखावं तसा ओळखतो मी त्याला. ही कडेची पेशी बघा, मरायला टेकलीय. तिच्यात कसा दाटून आलाय..."

"सुंदर आहे," सर म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

मग त्यांनी आपली खुर्ची जरा जवळ ओढली.

"या बशीत तुझा रंग नाही."

"...म्हणजे?"

"पेशी त्याच. बाकी सगळं तुझ्याच पद्धतीनं केलंय. फक्त रंग घातला नाही. कोरी बशी आहे."

"मग हा उजेड?"

"त्यांचा त्यांचा. पेशींना थोडा असतोच."

"कोरी बशी मी पाहिली होती, सर! अगदी सुरुवातीला. ठार काळोख होता तिच्यात."

"दिवा केवढा होता तेव्हा?"

सौमित्रला आठवलं.

दिवा तेव्हा मंद होता; त्यात पेशींचा स्वतःचा उजेड दिसलाच नसता. पुढे आपला रंग अधिक स्पष्ट दिसावा म्हणून त्यानं दिवा वाढवत नेला, दरवेळी थोडा थोडा. कोरी बशी पुन्हा बघायची राहून गेली. ती कशाला बघायची? तिच्यात काही नसतं, हे त्याला माहीतच होतं.

इतकी वर्षं आपण रेणू म्हणून जे पाहिलं, ते हेच तर नव्हे? येताना आणून टेबलावर ठेवलेली आपली, रंग घातलेली बशी त्यानं चाचपडत उचलली. तिच्यात उजेड जास्त असेल. असायलाच हवा.

सरांनी भिंगाखाली आपला हात आडवा धरला. सुरकुतलेल्या कातडीवर निळा उजेड पडला.

"सर, मला माझा रंग बघू द्या! त्यात काही आहे की नाही, एवढं तरी..."

"बघशील. तो कुठे पळून जात नाही."

"मग मी आता काय करू?"

सरांनी त्याच्या हातातली बशी अलगद काढून घेतली. भिंगाखालचा हातही बाजूला केला. तिथे कोरी बशी तशीच होती.

"बस इथं," सर म्हणाले. "तुझा रंग नसताना, तू नसताना ती कशी दिसते, ते आधी बघ."