सेनापती मेंगयूचा तिसरा नकार

पूर्वी, कलियुग चांगले रुळल्यावर, हिमालयाच्या पलीकडे आणि वालुकासागराच्याही पलीकडे, जेथे पीतवर्णा महानदी डोंगरांची माती पोटात घेऊन पूर्वसमुद्राकडे धावते, त्या महाचीन देशात शतकानुशतके नांदलेला एक थोर वंश लयाला गेला. त्यानंतर तेथे राजवंश असे उगवू लागले, की पावसाळ्यातली भूछत्रे बरी. ती निदान एकमेकांचे गळे कापत नाहीत. त्या देशाची राज्यश्री, जिला तेथील लोक 'आकाशाची आज्ञा' म्हणत, ती पद्मलोचना देवी एका राजगृहात अलंकार घालते न घालते तोच तिला दुसऱ्या राजगृहाची वाट धरावी लागे. अशा त्या वंशांपैकी निंग नावाच्या अल्पायुषी वंशाची ही कथा आहे. ती पराक्रमाची नाही, शरमेची आहे. शरमेची कथा कोणी हौसेने सांगत नाही. म्हणूनच ती सांगायला हवी.

निंग वंशाचा संस्थापक मेंगयू तरुणपणी सीमेवर अश्वदळाचा नायक होता. त्या काळी भरतखंडातून ऋतंधर नावाचे महातपस्वी उत्तरदिशेच्या दर्शनाला निघाले होते. वालुकासागरात वादळाने त्यांची वाट पुसली, कमंडलू कोरडा पडला आणि ते शुष्ककंठ मुनी एका वाळूच्या टेकडीच्या आडोशाला मृत्यूची वाट पाहत बसले. मेंगयूने त्यांना पाहिले. जवळच्या पखालीत एकापुरतेच पाणी होते. त्याने ते मुनींना पाजले, त्यांना आपल्या घोड्यावर बसवले आणि स्वतः लगाम धरून तळपत्या वाळूतून चालत राहिला. छावणीच्या दाराशी तो मूर्च्छित पडला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचे ऐकून श्रोते त्याला जन्माचाच लबाड समजतील, आणि तसा तो नव्हता.

प्रसन्न झालेले ऋतंधर म्हणाले, "वत्सा, आमच्या देशी जे त्रिवार उच्चारले जाते ते सत्य मानतात. माझ्या तपाच्या बळावर तुला वर देतो. आकाशाला साक्षी ठेवून जे वचन तू त्रिवार उच्चारशील, ते सत्य होईल. मात्र हे तुझ्या आयुष्यात एकदाच घडेल. तेव्हा जिभेला जप."

मुनी त्रिकालज्ञ होते. पण या देशात कोणती गोष्ट तीनदा बोलण्याची रीत आहे, एवढे काही त्यांनी विचारले नाही. थोरामोठ्यांचे असेच होते. सात स्वर्गांची त्यांना खबर असते, आणि यजमानाच्या घरची चाल मात्र ठाऊक नसते.

मेंगयूने तो वर अडीनडीसाठी जपून ठेवला. त्याच्या अंगी गुण होतेच. घोड्याचे कान पाहून तो दरीत शत्रू दबा धरून बसला आहे की नाही ते ओळखी. नदीच्या आवाजावरून बांध कोठे फुटणार ते सांगे. चढत चढत तो शेनवंशाच्या सम्राट शेनबोचा सेनापती झाला. पुढे सम्राट मरणशय्येवर पडला. त्याचा पुत्र शेनरू नुकताच मिसरूड फुटलेला, अबोल आणि झाडाझुडपांत रमणारा होता. सम्राटाने खिडक्या उघडायला लावल्या, म्हणजे आकाश दिसेल, आणि सेनापतीचा हात धरून तो क्षीण स्वरात म्हणाला, "मेंगयू, आकाशाच्या साक्षीने सांग, की माझ्या पुत्राचे सिंहासन तू त्याच्यासाठीच राखशील. तीनदा सांग. म्हणजे मी सुखाने डोळे मिटीन."

मेंगयूने सांगितले, "शेनरूचे सिंहासन मी शेनरूसाठीच राखीन."

त्याने ते दुसऱ्यांदाही सांगितले. तिसऱ्या वेळी त्याने ओठ उघडले, आणि त्याला वराची आठवण झाली. हे वाक्य आता उच्चारले की ते सत्य होणार, कायमचे. मग आपल्याला कितीही वाटले तरी ते मोडता येणार नाही. त्याने लांब बाही तोंडावर घेतली आणि तो हुंदके देऊ लागला. सम्राटाला वाटले, शोकाने कंठ दाटला. "पुरे, समजले," असे म्हणून त्या भोळ्या राजाने प्राण सोडला.

मेंगयूची पत्नी वेइलान सम्राज्ञीच्या सेवेसाठी तेथेच पडद्याआड होती. घरी आल्यावर तिने विचारले, "आर्य, आपल्या डोळ्यांत अश्रू नव्हते. तिसऱ्यांदा का बोलला नाहीत?"

"आयुष्यात एकदाच मिळणारा वर! तो दुसऱ्याच्या पोरासाठी उधळू?"

"मरणाऱ्या माणसाला वचन देतानाही आपण हातचे राखलेत," ती म्हणाली. "मला आपल्या शेजारी उभे राहायची आज प्रथमच लाज वाटते."

मेंगयूने तोंड फिरवले. लाज त्यालाही वाटली होती. पण ती दाबता येते हे त्याला त्याच दिवशी समजले, आणि असले ज्ञान मनुष्य विसरत नाही.

पुढे शेनरू नावापुरता सम्राट आणि मेंगयू कामाचा, असे काही काळ चालले. त्याने पूर आवरले, धान्याची कोठारे भरली, उत्तरेकडच्या टोळ्यांना डोंगरापार रेटले. लोक म्हणू लागले, राज्य करतो तोच राजा का नसावा? विधिमंत्री फांग हा मुखी मध आणि शास्त्रात निष्णात असा पुरुष होता. तो एके दिवशी येऊन म्हणाला, "प्रभो, आकाशाचा कौल आपल्याकडे आहे. शेनरू सिंहासन स्वखुशीने देऊ करील. आपण ते रीतीप्रमाणे तीनदा नाकाराल, आणि मग लोकाग्रहास्तव स्वीकाराल."

या रीतीला हसू नये. आपल्या पंगतीतही वाढप्याला "नको, नको, अहो खरंच नको" म्हणत पानावरचा हात हळूच बाजूला करणारे थोडे नसतात. फरक इतकाच, की येथे जिलबीच्या जागी साम्राज्य होते.

मेंगयू दचकला. "फांग, दोन नकार चालणार नाहीत?"

"दोन नकारांवर बसतो त्याला चोर म्हणतात, प्रभो. तीन नकारांवर बसतो त्याला सम्राट म्हणतात."

"आणि त्या नकाराचे शब्द?"

"ते ठरलेलेच आहेत. 'मजपाशी ना पुण्य, ना पात्रता.' वेदीवर, उघड्या आकाशाखाली, मोठ्याने."

"ते शब्द... खरे असतात?"

फांग पोट धरून हसला. "प्रभो, या देशात आजवर एकाही पुरुषाने ते मनापासून म्हटलेले नाहीत. वाजतो म्हणून ढोल आत भरलेला असतो का?"

मेंगयूने मनाची समजूत घातली, की वर मनातल्या वचनाला आहे, उपचाराच्या शब्दांना नाही. वेइलानने हात जोडले. "आर्य, सम्राटापुढे थांबलात, तसे आता थांबा. लोक चोर म्हणतील तर म्हणू देत."

"लोकांनी मला चोर म्हणावे? मला?" तो गरजला. ज्याने चोरी करायची ठरवली आहे, त्याला त्या शब्दाचा फार राग येतो.

नगराच्या दक्षिणेला श्वेतपाषाणाची त्रिस्तर वेदी उभारली गेली. पीतध्वज फडकू लागले, शंखभेरींनी दिशा दुमदुमल्या, सचिव, सामंत आणि सैनिक यांनी प्रांगण असे भरून गेले की पाखराला उतरायला जागा उरली नाही. साध्या वस्त्रातला शेनरू राजमुद्रा दोन्ही हातांवर घेऊन पुढे आला आणि पाठ केलेले वाक्य बोलला, "हे महाबाहो, माझा भार आपण घ्यावा."

"मजपाशी ना पुण्य, ना पात्रता," मेंगयू म्हणाला. जनसमुदाय गहिवरला.

दुसऱ्यांदा मुद्रा पुढे झाली. दुसऱ्यांदा तो तेच म्हणाला. तिसऱ्या वेळी मुद्रा पुढे झाली. त्याने फांगकडे पाहिले. फांगने डोळ्यांनी खुणावले, हं, चालू द्या. आणि मेंगयू आपल्या गंभीर, सहस्रावधी सैनिकांना ऐकू जाणाऱ्या स्वरात म्हणाला, "मजपाशी ना पुण्य, ना पात्रता!"

त्या क्षणी त्याच्याच दृष्टीला तेवढी राज्यश्री दिसली. ती वेदीच्या पायरीवर उभी होती; प्रवासाने दमलेली, पायांना धूळ लागलेली. तिने उजवा हात वर केला.

"तथास्तु."

"देवी!" मेंगयू मनातल्या मनात ओरडला. "ही तर बोलण्याची रीत! याचा अर्थ तसा नाही!"

"सेनापते, त्या मरणोन्मुख राजापुढे तिसऱ्या शब्दाची शक्ती तुला बरोबर आठवली. आज आठवली नाही?" देवी म्हणाली. "आम्हां देवांना रीतीचे शब्द ऐकायला वेगळा कान नसतो. तुझे पुण्य आणि तुझी पात्रता तूच त्रिवार नाकारलीस. ती आता तुझी नाहीत." आणि ती अंतर्धान पावली.

मेंगयूच्या अंगातून काहीतरी निघून गेले. त्याने प्रांगणातल्या सैन्याकडे पाहिले. अश्वदळ कोणते आणि पायदळ कोठे उभे आहे, हे त्याला क्षणभर कळेना. तो भयाने म्हणाला, "थांबा! मी खरोखरच अयोग्य आहे! ऐका, मला खरोखरच काही येत नाही!"

"अहाहा!" फांगने अश्रू पुसले. "तीन नकारांवर चौथा! असा विनय पूर्वी झाला नाही, पुढे होणार नाही!" सर्वांनी जयघोष केला, दोघा सामंतांनी त्याला दंडांना धरून सिंहासनावर नेऊन बसवले, आणि निंग वंशाचा आरंभ झाला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्या नव्या सम्राटाला वाटले.

त्याच्या राज्याचे वर्णन काय करावे! ज्याला नदीची भाषा कळत होती, त्याने बांध अशा जागी घातला की पुराने तो नेलाच, शिवाय दोन गावेही नेली. नकाशासमोर उभा राहिला की त्याला उत्तर दिशा सापडत नसे. न्यायासनावर बसून तो फिर्यादीला शिक्षा देई आणि रात्रभर उशीत तोंड खुपसून पडे. सगळ्यांत वाईट हे, की कोणी त्याला बोल लावीना. "मला समजत नाही," असे त्याने सभेत स्पष्ट सांगितले, तर सचिव मान डोलावत, "केवढी ही गहनता!" वाहून गेलेल्या गावांतली वाचलेली माणसे दर्शनाला आली आणि त्यांनीही पायांवर डोके ठेवले. तेव्हा त्याने बाहीत तोंड लपवले. या वेळी अश्रू खरे होते. वेइलानने ते पाहिले आणि पुष्कळ दिवसांनी ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

त्याने ऋतंधर मुनींना शोधून आणवले. सर्व वृत्तांत ऐकल्यावर त्या वृद्ध तपस्व्याची मान खाली गेली.

"वत्सा, अपराध माझाही आहे. ज्या देशाची चाल मला ठाऊक नव्हती, त्या देशात मी आमच्या देशाचा वर मोठेपणाने टाकून मोकळा झालो. दिलेला वर मला परत घेता येत नाही. तुझे पुण्य गेले, पात्रता गेली. लाज मात्र तू नाकारली नव्हतीस, म्हणून ती उरली आहे. ती जेथे नेईल तेथे जा."

"ती मला शेनरूकडे नेते," सम्राट म्हणाला.

शेनरूला दक्षिणेकडच्या एका लहान परगण्यात धाडले होते. अशा पदच्युत राजांना विष पाठवण्याची त्या काळी चाल होती. ते वेइलानने पतीच्या पायाशी बसून टाळले होते. सम्राट मेंगयू साध्या वेषात, राजमुद्रा छातीशी बांधून तेथे पोचला. तुतीच्या बागेत शेनरू पाने खुडत होता. त्याची बोटे हिरवी झाली होती, आणि अंगावर उन्हाचा रापलेला रंग चढला होता. त्याने सम्राटाला ओळखले, टोपली खाली ठेवली.

"काका, आपण?"

त्या 'काका'ने मेंगयूला चाबूक ओढल्यासारखे झाले. तो मातीत गुडघे टेकून बसला. "शेनरू, तुझ्या पित्याला मी वचन दिले, आणि तिसऱ्या शब्दाला तोंड झाकले. तुझे सिंहासन मी राखले नाही, घेतले. आता ते माझ्या हाताखाली कुजते आहे. गावे वाहून गेली. ही मुद्रा घे. राज्य वाचव, आणि मला या शरमेतून सोडव."

शेनरूने मुद्रेकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि लोभही नव्हता.

"नको, काका," तो म्हणाला. त्याने टोपली उचलली.

मेंगयू इतकी वर्षे दरबारात मुरलेला. त्याला हायसे वाटले. रीतीला आरंभ झाला होता. त्याने आदरपूर्वक मुद्रा दुसऱ्यांदा पुढे केली आणि दुसऱ्या नकाराची वाट पाहिली. शेनरू रेशमाच्या किड्यांच्या झोपडीकडे चालू लागला होता. किडे भुकेले होते. मेंगयू गुडघ्यांवर सरकत मागे गेला, त्याने तिसऱ्यांदा मुद्रा वर धरली, आणि तो मोठ्याने म्हणाला, "हे महाबाहो, माझा भार आपण घ्यावा!"

झोपडीतून पाने पसरल्याचा आवाज आला. कोणी उत्तर दिले नाही.

ऊन कलेपर्यंत तो तेथे हात वर धरून राहिला. मग त्याला कळले, की आपल्याला नकार मिळून चुकला आहे. अशा नकाराशी त्याची आयुष्यात ओळखच झाली नव्हती.

निंग वंश त्यानंतर फार टिकला नाही. उत्तरेकडच्या टोळ्या डोंगर उतरून आल्या, मेंगयू वेशीवर लढताना पडला, आणि दमलेली राज्यश्री पुन्हा वाटेला लागली. पुढे त्या भूमीवर मोठा आणि दीर्घायू वंश झाला. त्याचे सम्राटही वेदीवर तीनदा नाकारूनच बसले. त्याच्या इतिहासकारांनी मधल्या छोट्या वंशांची चरित्रे थोडक्यात आटोपली, आणि निंग वंशाच्या वाट्याला एकच ओळ आली: 'संस्थापक अत्यंत विनयशील होता.'