पिराजीची मुकी हाक

ओढ्यावर पूल नव्हता, माळावर माणसांपेक्षा ससे जास्त होते आणि बोरखडी गावात सोयरीक जुळवताना मुलाच्या आधी दारातला कुत्रा बघायचे, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा गावात पिराजी नावाचा हाकारी होता. हाकारी म्हणजे पारधीच्या दिवशी रानात शिरून असा ओरडणारा माणूस, की झुडपात दडलेलं जनावर उठून पळावं आणि कुत्र्यांनी त्याच्या मागं सुटावं. पिराजीचा आवाज काय सांगावा? त्यानं अंगणात आंघोळीला पाणी मागितलं, की पलीकडच्या वाडीतल्या बायका चुलीवर हंडा चढवायच्या. तो शिंकला की देवळातली घंटा आपोआप वाजायची, असं म्हणतात. घंटेचं खरंखोटं घंटेला ठाऊक. पण त्याच्या घरात चिमणीनं कधी घरटं केलं नाही, एवढं मात्र सगळेच सांगतात.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी गावाची पारध निघायची. पुढं चालायचा मान पिराजीच्या घराण्याचा, पण तो दर साली नव्यानं राखावा लागायचा. मानकऱ्यानं आपला कुत्रा दोरीशिवाय, डाव्या पायाशी धरून, वेशीपासून माळावरच्या म्हसोबापर्यंत चालवत न्यायचा. वाटेत कोंबड्या, शेरडं, मांजरं, सगळा बाजार. मागून लिंबाजी गुरव चालायचा. कुत्रा पायापासून हलला की गुरवानं खणखणीत म्हणायचं, "सुटला." तो शब्द त्याच्या तोंडून पडला की मान गेला खालच्या आळीच्या गोंदाजीकडे. आणि गोंदाजीच्या घरचे कान त्या शब्दासाठी त्याच्या बापाच्या वेळेपासून टवकारलेले.

एका साली पिराजीचा जुना कुत्रा म्हातारपणानं गेला आणि त्यानं नवं पिल्लू आणलं. लांब पायांचं, बारीक कमरेचं, हरणाच्या रंगाचं. नाव ठेवलं हरण्या. जातिवंत शिकारी कुत्रं ते. वाढीला लागलं तसं पळायलाही लागलं. पळायचं कौतुकच होतं, पण गडी माघारी येईना. पिराजी बांधावर उभा राहून हाक द्यायचा, "हरण्याऽऽऽ". हाक ऐकली की हरण्याचे कान उभे राहायचे, डोळे चमकायचे, आणि तो जो निघायचा तो दिसेनासा व्हायचा. पिराजी जितका जोरात बोलवी, तितका हरण्या लांब. एकदा तर तो कुणा परक्या गावच्या माणसाचं पायताण तोंडात धरून आला. मागून तो माणूसही एका पायावर लंगडत आला.

पिराजीनं काय करायचं बाकी ठेवलं? काळा दोरा बांधला, अंगारा लावला. गुरव म्हणाला, नावात दोष आहे. मग नाव बदलून मोती ठेवलं. नव्या नावाला कुत्रा तितक्याच आनंदानं पळाला, मग पुन्हा हरण्याच. धुळवड तर जवळ आली. बापजाद्यांनी राखलेला मान आपल्या हातून जाणार, आणि गोंदाजी म्हसोबापुढं मिशीला पीळ देणार, हे त्याला जागेपणीच दिसायला लागलं.

एक दिवस त्याची बायको चिमाबाई पाणी घेऊन आली. हरण्या तिच्या डाव्या अंगाला, तिच्या पायाला नाक लावून चालत होता. ती थांबली की थांबायचा, वळली की वळायचा. शेजारची कोंबडी पुढून गेली, तर बघितलंसुद्धा नाही. पिराजी बघतच राहिला.

"काय करणी केलीस त्याच्यावर?"

चिमाबाई हळूच बोलायची. त्या घरात पिराजीच्या आवाजावर आवाज चढवणं शक्यच नव्हतं, म्हणून ती दुसऱ्या टोकाला गेली होती. घागर उतरवत ती म्हणाली, "करणी कसली? आवो, तुमी त्येला हाकारा घालताय. हाकारा ऐकला की पुढं पळायचं, ह्ये ते आईच्या पोटातनं शिकून आलंय. ते तुमचंच ऐकतंय की. तुमी वरडता आन ते ससा हुडकत पळतं. ससाच नसला तर त्येनं काय करावं?"

पिराजी उंबऱ्यावर बसला. ज्या आवाजाचं अख्ख्या मुलखानं कौतुक केलं, त्याच आवाजानं आपण आपल्याच कुत्र्याला रोज हाकलत होतो, हे त्याच्या मनाला फार लागलं.

"मला दुसरा आवाजच न्हाई गं," तो म्हणाला.

"मग गप ऱ्हावा. मांडीवर थाप मारा आन भाकरीचा तुकडा मुठीत धरा."

तिथून पिराजीची शिकवणी सुरू झाली. कुत्र्याची नव्हे, पिराजीची. तो मांडीवर थाप मारून पुटपुटायचा, "ये रं बाळा", आणि आलेल्या हरण्याला मुठीतला तुकडा द्यायचा. उशिरा आला तरी द्यायचा, रागवायचं नाही, असा चिमाबाईचा हुकूम होता. दोरी सोडून चालताना कुत्रा पुढं गेला की पिराजीनं पाठ फिरवायची आणि उलट चालायला लागायचं. हरण्या सारखा पुढं जायचा, म्हणून पिराजी सारखा घराकडं वळायचा. शेताला निघालेला माणूस दिवस मावळला तरी आपल्याच दारात. गावात बोलबाला झाला, की पिराजी शेताची वाट विसरला. तो हळू बोलतो म्हटल्यावर तर लोकांनी हायच खाल्ली. कुणी काढा आणला, कुणी गळ्याला लेप लावला. गोंदाजी कुत्र्याची तयारी चोरून बघायला आला आणि घाबरून आल्याचा चहा पाजून गेला. पण हळूहळू पिराजी शेतापर्यंत पोचायला लागला, आणि हरण्या त्याच्या डाव्या पायाशी.

पारधीचा दिवस उजाडला. सगळं गाव वेशीत. पिराजीनं दोरी सोडली आणि चालायला लागला. कोंबड्या गेल्या, शेरडं गेली, एक मांजर मुद्दाम रेंगाळलं, हरण्यानं मान वळवली नाही. म्हसोबाचा शेंदूर दिसायला लागला, आणि तेवढ्यात बोराटीच्या झुडपातून ससा उठला.

हरण्या गेला. ससा गिधाडकड्याकडं, हरण्या सशाच्या मागं. त्या कड्याखाली आभाळच. बोरखडीचं कुणी त्याच्या काठाला जनावर चरायला सोडायचं नाही. सगळं गाव ओरडायला लागलं, "हरण्या, माघारी फिर." गोंदाजीसुद्धा बेंबीच्या देठापासून ओरडला, मानाचं भान त्यालाही राहिलं नाही. पण ते गावच हाकाऱ्यांचं. एवढा मोठा हाकारा हरण्यानं जन्मात ऐकला नव्हता. तो बाणासारखा सुटला.

पिराजीच्या छातीतून त्याची जुनी हाक उसळून गळ्याशी आली. ती बाहेर पडती तर कुत्रा गेलाच होता. त्यानं ती दातांखाली दाबली आणि दोन्ही हात वर केले. गाव गपकन गप्प झालं. पिराजी न बोलता उभा आहे, याचीच लोकांना भीती वाटली. मग त्यानं कड्याकडं पाठ फिरवली, गुडघ्यावर बसला, डाव्या मांडीवर थाप मारली आणि पाळण्यातलं पोर जागं होणार नाही इतक्या हळू म्हणाला, "ये रं बाळा."

असं म्हणतात, की त्या वेळी वारा पडला आणि ओढ्याचं पाणी दगडाआड उभं राहून ऐकत होतं. कड्यावरून खडे घरंगळल्याचा आवाज आला. पिराजीनं वळून बघितलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते, पण हात थाप मारत होता. आणि मग त्याच्या मुठीला ओलं नाक लागलं.

आणखीही एक सांगतात. त्या हाकेला हरण्याच्या मागोमाग ससाही माघारी आला, आणि पिराजीच्या उजव्या पायाशी बसला. हसायचं तर हसा. त्या साली म्हसोबापर्यंत डावीकडं कुत्रा आणि उजवीकडं ससा चालला, आणि मागून गावातली सगळी शेरडं.

आता राहिला गुरव. कुत्रा सुटला होता, शंकाच नाही. "सुटला" म्हणायला लिंबाजीनं तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं होतं. ती शांतता मोडायला त्याची जीभ धजेना, पण नेम तो नेम, आणि ओठ तर हलायला लागले. तेव्हा गोंदाजी पुढं झाला, त्यानं कनवटीचा विडा काढला आणि गुरवाच्या तोंडात कोंबला.

आता पारध बंद झाली, ओढ्यावर पूल आला. पण धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी बोरखडीतलं सगळं गाव पिराजीच्या नावानं एक शब्द न बोलता म्हसोबाला जातं, पुढं एक मोकळा कुत्रा घेऊन. निघण्याआधी गुरवाच्या तोंडात विडा भरायचा मान खालच्या आळीचा, गोंदाजीच्या घराण्याचा. तो त्यांनी कुणाला दिलेला नाही. कुत्रा दर साली कुठं ना कुठं सुटतोच. गुरव पान चघळत आभाळाकडं बघतो, आणि अख्खं गाव पाठ फिरवून, मांडीवर थापा मारत, कुत्रा माघारी यायची वाट बघत बसतं.