मुबारकचे एकाहत्तर

एका गावात दोन म्हातारे होते. गाव कृष्णेकाठचं, घरं एकमेकांना लागून आणि वेड दोघांना एकच, क्रिकेटचं.

त्यातला नेमिनाथ उपाध्ये एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. तीस वर्षं त्याने गाड्या वेळेवर सोडल्या. त्याचा परिणाम असा झाला की काहीही नुसतं उभं दिसलं की त्याचा जीव खालीवर व्हायचा. चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघरात चार चकरा मारायचा. रहस्यकथा हातात आली की आधी शेवटचं पान वाचायचा. दुसरा मुबारक तांबोळी, शिलाई मशिनी दुरुस्त करणारा. एक स्क्रू हरवला तर दुपारभर जमिनीवर बसून शोधेल, पण वैतागणार नाही.

नेमिनाथच्या मुलाने पुण्याहून टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र पाठवलं. पोरं त्यावर वीस षटकांचे सामने झोडतात. या दोघांनी लावली पाच दिवसांची कसोटी! आणि तीही अगदी खऱ्यासारखी. चेंडू जुना व्हायचा, खेळपट्टीला भेगा पडायच्या, फलंदाज थकायचा, ढग आले की चेंडू हलायचा. दोघं एका बाजूने आणि यंत्र समोरून. संघात दोघांनी स्वतःची नावं घातली होती. मुबारक सलामीचा फलंदाज, आणि नेमिनाथ, वय वर्षं सदुसष्ट, वेगवान गोलंदाज. हसू नका. हौसेला मोल नसतं.

रोज चार वाजता चहा घ्यायचा आणि एकच सत्र खेळायचं, असा नेम होता. एक सामना पंधरा दिवस चाले. अशा सहा कसोट्या ते खेळले आणि सहाही हरले. नेमिनाथ चिडायचा. मुबारक म्हणायचा, "लेका, मला जिंकायचंच न्हाई. मला एकदा शेवटपर्यंत उभं ऱ्हायचंय."

त्याला कारण होतं. तरुणपणी तालुक्याच्या एका सामन्यात त्याला शेवटचा तासभर नुसतं उभं राहायचं होतं. तेवढ्यावर सामना वाचला असता. यानं पहिलाच चेंडू उचलला आणि झेल दिला. पंचेचाळीस वर्षं झाली, गावाने त्याला ते विसरू दिलं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारायचंच, "काय मुबारक, आज तरी थांबणार का मठ्ठा येईपर्यंत?" तो हसायचा. पण आत कुठेतरी ते त्याला टोचत होतं.

सातवी कसोटी आली. शेवटचा डाव, चौथा दिवस. जिंकायला धावा इतक्या हव्या होत्या की विचारायची सोय नाही. पण पाचवा दिवस खेळून काढला तर सामना अनिर्णित राहणार होता. मुबारकने त्या तीन सत्रांत नेटाने बॅट आडवी येऊ दिली नाही. दोनशे त्रेचाळीस चेंडू खेळून तो एकाहत्तरवर नाबाद राहिला. हाताशी सहा गडी होते. बोटं दुखली म्हणून त्याने दोन दिवस हळद लावली होती.

आणि त्याच संध्याकाळी त्याच्या छातीत कळ आली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, बायपास करावी लागेल. ऑपरेशनला जायला गाडीत बसताना मुबारकने नेमिनाथचा हात धरला. "नेमा, मी येस्तोवर डाव तसाच ऱ्हाऊ दे. हात लावायचा न्हाई."

"अरे, हात कशाला लावतोय? तू ये आधी," नेमिनाथ म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो खरंच बोलत होता.

ऑपरेशन नीट झालं. एक दिवस गेला, दोन गेले, आठ गेले. चार वाजले की नेमिनाथ टीव्हीसमोर येऊन बसायचा. पडद्यावर तो सामना उभा. तीच धावसंख्या, तोच नाबाद मुबारक. उभी गाडी बघून या माणसाला कधी चैन पडली होती का?

यंत्रात एक सोय होती. खेळायचा कंटाळा आला तर उरलेला दिवस यंत्रावर सोडून द्यायचा. एक बटण दाबलं की दिवसभराचा खेळ ते क्षणात उरकून निकाल सांगायचं. नवव्या दिवशी नेमिनाथच्या मनात आलं, नुसतं बघू तरी काय होतंय ते. बघून झालं की मागे जाऊ. कुणाला कळणार आहे?

त्याने बटण दाबलं.

मुबारक तांबोळी, त्रिफळाचीत, एकाहत्तर. उपाहाराच्या आत सगळा संघ बाद. पराभव. नेमिनाथ घाईघाईने मागे जायला गेला, तर मागचं काही शिल्लकच नव्हतं. यंत्राने जुनी नोंद आपणहून पुसून नवी ठेवली होती. सगळी बटणं दाबून झाली, यंत्र बंद करून चालू करून झालं. व्यर्थ. त्याची बायको सुमतीबाई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "अहो, माणूस गावाला गेला तर त्याचं ताट झाकून ठेवतात. तुम्ही जेवून टाकलंत."

संध्याकाळी मिरजेहून फोन आला. मुबारकचा आवाज खोल गेलेला. "काय रे, आहे का मी अजून?"

"आहेस की! नाबाद आहेस," नेमिनाथ म्हणाला. दुसरं काय सांगणार होता?

तिकडे मुबारकला श्वासाचा व्यायाम दिला होता. नळीतून श्वास ओढून डबीतले तीन गोळे वर उचलायचे. टाके ओढायचे, जीव जायचा. पण तो नर्सला सांगायचा, "बाई, मला पाचवा दिवस खेळायचाय, करतो मी." पडल्या पडल्या तो त्या यंत्राच्या फिरकी गोलंदाजाचा विचार करायचा. कुठला चेंडू सोडायचा आणि कुठल्याला पाय पुढे टाकायचा, ते मनात घोळवायचा. तीन आठवड्यांनी तो घरी आला. चार वाजता हळूहळू नेमिनाथच्या पायऱ्या चढला, खुर्चीत टेकला, चष्मा पुसला आणि रिमोट हातात घेऊन म्हणाला, "लाव."

 नेमिनाथने यंत्र लावलं. पडद्यावर पराभव होता.

मुबारकने तो दोनदा वाचला. मग विचारलं, "किती चेंडू टिकलो मी?"

"सहा," नेमिनाथ कसाबसा म्हणाला.

"सहा?" मुबारकने रिमोट खाली ठेवला. "मी सहाला गेलो नसतो रे, नेमा."

तो ओरडला नाही, भांडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी चहालाही आला. फक्त रिमोटला हात लावला नाही, आणि नेमिनाथला लाव म्हणायचा धीर झाला नाही.

मग नेमिनाथने काय करावं? मुबारक चहा पिऊन गेला की त्याने एकट्याने नव्याने कसोटी मांडली. त्याच संघाशी, त्याच मैदानावर. मुबारकच्या नावाचा फलंदाज आता तो स्वतः खेळवू लागला. कधी मुबारक चाळीसवर बाद होई, कधी एकाहत्तर होत आणि बाकीचे सगळे तंबूत. की पुन्हा पहिल्यापासून. नऊ दिवस ज्याला धीर धरवला नाही, तो माणूस साडेतीन महिने रोज एक सत्र बसून खेळला. चुकूनही ते बटण दाबलं नाही. शेवटी एकदाचं जमलं. चौथ्या दिवसाचा शेवट, मुबारक नाबाद एकाहत्तर, हाताशी सहा गडी. नेमिनाथ धावत जाऊन मित्राला हाताला धरून घेऊन आला.

"बघ. होता तसा करून ठेवलाय. आता बस आणि खेळ."

मुबारकने पडद्याकडे बघितलं, मग नेमिनाथच्या सुजलेल्या अंगठ्यांकडे. त्याने ते अंगठे आपल्या हातात घेतले, जरा चोळले. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

"लई कष्ट घेतलेस, गड्या," तो म्हणाला. "पण हे एकाहत्तर तुझे. तूच खेळ पुढं."

तात्पर्य: दुसऱ्याने धीराने धरून ठेवलेलं आपल्या उतावळेपणाने संपवू नये; मागाहून कितीही धीर धरला, तरी तो आपला असतो, त्याचा नव्हे.